‘डिटेन्शन’ पूर्ण करताना : माझा अनुभव

अंधारातून अचानक काहीतरी अंगावर धावून येते आणि आपण दचकतो, एवढ्यावरच भागणारे भयाचे गेम मला फारसे रुचत नाहीत. त्यामुळे तैवानमधील रेड कॅन्डल गेम्स या लहानशा स्वतंत्र संस्थेने तयार केलेला आणि जानेवारी २०१७ मध्ये प्रकाशित झालेला ‘डिटेन्शन’ मी बरेच दिवस बाजूला ठेवला होता. या पावसाळ्यात, कोथरूडच्या आमच्या घरी रात्री सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून तो मी सुरू केला. वर्गात झोप लागलेला एक विद्यार्थी जागा होतो, तेव्हा शाळा रिकामी झालेली असते, वादळाचा इशारा मिळालेला असतो आणि डोंगरातल्या त्या शाळेतून बाहेर पडण्याचा मार्ग बंद झालेला असतो. थोड्याच वेळात कथेची सूत्रे फांग रे-शिन या विद्यार्थिनीकडे जातात आणि पुढचा बहुतेक खेळ आपण तिच्या रूपाने खेळतो.

हातात कोणतेही शस्त्र दिले जात नाही, हे आरंभीच स्पष्ट होते. रेंगाळणाऱ्या आत्म्यांजवळून जाताना श्वास रोखून धरायचा असतो, पण तो फार काळ रोखता येत नाही. म्हणून केव्हा थांबावे आणि केव्हा पाऊल उचलावे याचा अंदाज घेत पुढे सरकावे लागते. दुसरा उपाय नैवेद्याचा. मृतासाठी ठेवतात तशी भाताची वाटी जमिनीवर ठेवली की आत्मा तिकडे वळतो आणि आपल्याला वाट मिळते. हा नियम शाळेत विखुरलेल्या चिठ्ठ्यांत दिलेला आहे. परंतु ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत ताटकळलेल्या माणसाला तो निराळा समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की, आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेपर्यंत कोणी जागचे हलत नाही, तर येथे आत्म्याचे लक्ष भाताकडे गेले की तत्काळ काढता पाय घ्यायचा असतो. कोडी सोडवताना मला या जाणिवेचा फार उपयोग झाला, कारण तेथील वस्तूंचा संबंध यंत्रांच्या तर्काने जुळत नाही. तो विधी, स्मृती आणि अपराधभाव यांच्या तर्काने जुळतो.

तरीही मध्यावर मी अडलो. कोडी सुटत होती, पण ती एकमेकांशी का जोडलेली आहेत हे उलगडत नव्हते. विद्यार्थ्यांचे गुप्त वाचनमंडळ, बंदी घातलेली पुस्तके, शाळेतच नेमलेला लष्करी प्रशिक्षक आणि हेरांविषयीच्या सूचना हे सारे मी तोवर निव्वळ सजावट समजून ओलांडत होतो. तेव्हा खेळ थांबवून मी तैवानचा त्या काळचा इतिहास वाचला. तेथे १९४९ मध्ये लागू झालेला लष्करी कायदा १९८७ पर्यंत, म्हणजे तब्बल अडतीस वर्षे टिकला. गेमची कथा त्यातल्या १९६० च्या दशकात घडते. त्या काळात कोणाकडे कोणते पुस्तक आहे, एवढी बातमी योग्य कानापर्यंत पोहोचली तरी आयुष्ये उद्ध्वस्त होत. दुसऱ्या दिवशी जेवताना मी बाबांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी आणीबाणीत येरवड्याच्या कारागृहात ठेवलेल्या राजकीय स्थानबद्धांची आठवण काढली आणि “आपली एकवीस महिन्यांत उठली,” एवढेच म्हणून ते ताटाकडे वळले. त्यानंतर पूर्वी पाहिलेल्या चिठ्ठ्या मी पुन्हा सावकाश वाचल्या आणि पांढऱ्या हरणाचे पदक, यादी, रिकामे वर्ग यांचा अर्थ एकेक करून लागत गेला.

उत्तरार्धात आत्मे जवळपास नाहीसे होतात आणि कोडीही सोपी होतात. खेळ म्हणून पाहता तो येथे सैल पडतो, हा आक्षेप मला मान्य आहे. श्वास रोखण्याची एवढी सवय लावून ती पुढे वापरायचीच नाही, हे काहीसे खटकते. पण रे-शिनच्या घरातील खोल्यांतून फिरताना आई-वडिलांमधील कलह टप्प्याटप्प्याने उघडा होतो, तो भाग मला पूर्वार्धातील कोणत्याही आत्म्यापेक्षा अधिक भीतीदायक वाटला. तेथे पळून जाण्याची सोयच नाही. केवळ पुढचे दार उघडायचे आणि जे दिसेल ते पाहायचे.

शेवटच्या टप्प्यावर रे-शिनला काही प्रश्न विचारले जातात आणि तिच्या वतीने आपण दिलेल्या उत्तरांवर शेवट ठरतो. प्रथम मी तिची बाजू सावरणारी उत्तरे निवडली, कारण तोवर तिच्याविषयी कणव निर्माण झाली होती; त्या उत्तरांनी ती शाळेतच अडकून राहिली. तोच भाग पुन्हा खेळून, तिने जे केले ते तिला कबूल करू दिले, तेव्हा दुसरा शेवट उलगडला. तो काय आहे हे येथे सांगणे योग्य नाही. परंतु पहिल्याच शेवटावर समाधान मानून गेम बंद करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. संपूर्ण खेळ एखाद्या रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत सहज पूर्ण होतो आणि साध्या लॅपटॉपवरही चालण्याइतका तो हलका आहे. त्यात आत्महत्येचे थेट संदर्भ आहेत, म्हणून शाळकरी मुलांच्या हाती तो देण्यापूर्वी मोठ्यांनी स्वतः खेळून पाहावा.