पातं शेफिल्डचं, रंधा अमेरिकेचा

जुना लोखंडी रंधा हातात आला की लोक पहिलं पातं उपसतात, त्यावरचं नाव वाचतात आणि विषय संपला म्हणतात. हे काय खरं नाही राव. पातं घासून घासून झिजतं, मग सुतार मिळेल ते दुसरं बसवतो, त्यामुळं पात्याचं गाव एक आणि रंध्याचं गाव दुसरंच, असं सर्रास असतंय.

मंगळवार पेठेतल्या एका मित्राच्या आजोबांचा रंधा परवा बघितला. घरात सगळ्यांचं ठाम, की हा इंग्लंडचा, कारण पात्यावर शेफिल्ड, म्हणजे इंग्लंडातल्या पोलादाच्या गावाचं नाव लिहिलंय. अंगावर पुढच्या बाजूला मात्र ओतीव अक्षरात बेली, आणि नंबर ५, म्हणजे चौदा इंच लांबीचा. हे स्टॅनली कंपनीचं काम, अमेरिकेतल्या न्यू ब्रिटनचं. असले रंधे शोधणाऱ्या लिओनार्ड बेलीचे पेटंट कंपनीनं १८६९ मध्येच घेतलेले आणि पुढं त्याचं नाव रंध्यावर ओतायला लागले १९०२ च्या आसपास.

वय बघायचं तर पातं ज्या तिरक्या बैठकीवर बसतं तिच्या मागं बघायचं. तिथं भुसा आणि तेल बसून काळं थर झालेलं, रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश फिरवला तर तीन तारखा निघाल्या, दोन १९०२ च्या आणि एक १९ एप्रिल १९१० ची. आता ह्या पेटंटच्या तारखा, रंधा त्या दिवशी बनला असं नाही. उद्यमनगरात कुठल्याही फौंड्रीवाल्याला विचारा, एकदा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना केला की त्यातनं वर्षानुवर्षं माल पडत राहतो. पण १९१० च्या आधीचा नाही एवढं पक्कं, आणि तिन्ही तारखा असलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचं अंग, साधारण १९१८ पर्यंतचं, नंतर एकच तारीख राहिली.

बाकीच्या खुणाही जुळल्या. पुढची मूठ बुटकी, शिसवी. पातं खालीवर करायचा पितळी नट एक इंचाचा, नंतरचे सव्वा इंची झाले. ह्या नटाला उलटे आटे असतात बरं का, जोर लावून चुकीच्या दिशेनं पिळू नका!

एकच गोष्ट जुळंना, पातं दाबून धरणारी वरची दाबपट्टी. तिचं भोक राजम्याच्या दाण्यासारखं, आणि ते आलं १९३३ पासून, आधीची भोकं किल्लीच्या भोकासारखी असायची. म्हणजे दाबपट्टीपण मागनं बदललेली. संग्रहवाले अशा मिसळीला कमी पैसे देतात, पण काम करायला काय फरक नाही, सागाची फळी मस्त काढतोय. काळ्या रंगावर तेवढं ग्राइंडर फिरवू नका म्हणून सांगितलं.

मित्राचे काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, इंग्लंडचाच बरा होता की.