आरओची दुसरी नळी

पाणी शुद्ध करायचा आरओ घेताना दुकानदार आपल्याला सगळं दाखवतो. निळा दिवा दाखवतो, टाकी किती लिटरची ते सांगतो, पाण्यात तांबं कसं उतरतं तेही रंगवून सांगतो. मागच्या बाजूने निघणाऱ्या पाव इंची नळीबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. तिची ओळख होते ती मशीन बसवायला माणूस घरी आला की. भिंतीला ड्रिल मारून, मशीन लटकवून झालं की नळीचं वेटोळं हातात घेऊन तो विचारतो, "काकू, वेस्टचं पाणी कुठं सोडू?"

टीव्ही कुठे, फ्रिज कुठे, देवघराचं तोंड कुठल्या दिशेला, हे सगळं ठरवून आपण घर लावलेलं असतं. वेस्टचं पाणी कुठे, हे कुणीच ठरवलेलं नसतं. मग तोच उत्तर देतो, "सिंकमध्ये सोडतो." आणि नळी सिंकमध्ये येऊन पडते. तिथून तिचे उद्योग सुरू. कढई घासताना ती कढईत शिरते, धक्का लागला की सिंकबाहेर उडी मारते, आणि पंप चालू असला तर ओट्यावरून कणकेच्या डब्याखाली पाणी जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. तिला जागेवर ठेवण्यासाठी घरोघरी जे शोध लागले आहेत त्यांचं प्रदर्शन भरवता येईल. कुणी ती नळाला रबरबँडने बांधतं, कुणी कपड्याच्या चिमट्यात धरतं. एका शेजाऱ्यांनी तर लग्नपत्रिकेबरोबर आलेला रेशमी गोंडा वापरला होता.

या नळीवर माणसांचा राग असतो, कारण ती डोळ्यांदेखत पाणी सोडते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर, असा बऱ्याच घरगुती मशीनचा हिशोब. म्हणून कुणाला तरी ती दुमडून क्लिप लावायची युक्ती सुचतेच. पाणी वाचेल, असं वाटतं. आत काय होतं ते पाहिलं तर ही युक्ती बाद होते. मेम्ब्रेन म्हणजे आतला अतिसूक्ष्म गाळणीसारखा पडदा; त्यातून पाणी दाबाने पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे राहतात. ते वाहून न्यायला सतत वाहतं पाणी लागतं. नळी बंद केली की क्षार तिथेच साठतात, मेम्ब्रेनवर थर धरतात, शुद्ध पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, चढत जातो आणि शेवटी "मेम्ब्रेन गेली" म्हणत हजारोंचं बिल हातात पडतं. उलट नळी मोकाट सोडली तर आत दाबच तयार होणार नाही. म्हणून तिच्या वाटेवर बोटाएवढा एक तुकडा असतो, फ्लो रिस्ट्रिक्टर. आमचा मेकॅनिक त्याला नुसतं एफआर म्हणतो. किती पाणी ठेवायचं आणि किती सोडायचं हे तो तुकडा ठरवतो. निळ्या दिव्याचा त्यात काही हात नसतो.

आता या पाण्याला आपण 'वेस्ट' म्हणतो म्हणजे ते किती वाईट असतं? साधं गणित करू. नळाच्या पाण्याचा टीडीएस ३०० धरा. चार लिटर आत गेलं, ३० टीडीएसचं एक लिटर शुद्ध होऊन निघालं. उरलेले क्षार तीन लिटरांत वाटले गेले, म्हणजे त्या पाण्याचा टीडीएस झाला ३९०. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकार्य धरला आहे. म्हणजे क्षारांपुरतं बोलायचं तर आपण सिंकमध्ये सोडतो ते पाणीही त्या रेषेच्या आतच. ते प्यावं असं मी म्हणत नाही. टीडीएस फक्त विरघळलेल्या पदार्थांचं वजन सांगतो, ते पदार्थ कोणते हे सांगत नाही, आणि मेम्ब्रेनने अडवलेलं नकोसं सगळं याच पाण्यात दाट झालेलं असतं. पण लादी पुसायला, भांडी विसळायला, फ्लशला त्याला काय झालं? बोअरचं १५०० टीडीएसचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हेच गणित १९५० वर जातं. ते कुंडीत ओतलं तर तुळस जळेल, गाडी धुतली तर काचेवर पांढरे डाग.

आमच्याकडे नळीचा प्रश्न सुटला तो लातूरच्या जाऊबाई राहायला आल्या तेव्हा. सिंकमधली धार बघत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे पाणी जातंय कुठं?" २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून लातूरला पाणी आलं, ते त्यांनी पाहिलेलं. त्यांना 'वेस्ट' हे उत्तर देण्याची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्याच दिवशी वीस फूट जादा नळी आणून ती ओट्याच्या कडेने ड्राय बाल्कनीत नेली आणि एका ड्रममध्ये सोडली. पंपाचा जोर तेवढ्या अंतराला पुरतो. दोन गोष्टी मेकॅनिकने बजावल्या. नळीला कुठे मुरड पडू द्यायची नाही आणि तिचं टोक ड्रमच्या पाण्यात बुडू द्यायचं नाही, नाहीतर घाण उलटी चढायला वाट मिळते. ड्रमला वरच्या अंगाला भोक पाडून तिथून एक पाइप न्हाणी ट्रॅपकडे काढला, म्हणजे भरून वाहिला तरी खालच्या मजल्यावरून फोन येत नाही.

गंमत म्हणजे या मेम्ब्रेनच्या जन्मकथेतही पाण्याची रेल्वे आहे. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरिराजन यांनी कामाची पहिली मेम्ब्रेन बनवली, आणि १९६५ साली ती कोअलिंगा नावाच्या गावात बसली. तिथलं भूजल मचूळ होतं, एके काळी पिण्याचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून यायचं. म्हणजे ज्यांना चांगलं पाणी मिळतच नव्हतं त्यांच्यासाठी हे यंत्र सुरू झालं. धरणाचं गोड पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांच्या ओट्यावर ते कसं पोचलं, याचं श्रेय जाहिरातींना द्यावं लागेल.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये हेच सांगितलं होतं: टीडीएस ५००च्या आत असेल तिथे आरओ नको, आणि जिथे हवा तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात यावं. मला पहिली अट जास्त पटते. पुण्यात ज्यांना बारमाही पालिकेचं पाणी येतं त्यांनी शंभर-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर आधी घ्यावा. आकडा कमी आला तर अतिनील किरणांनी जंतू मारणारा साधा यूव्ही पुरतो, आणि त्याला दुसरी नळीच नसते. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर आणि बोअर मिसळतात, म्हणून आमचा आरओ भिंतीवर आहे. पावसाळ्यात तो बंद ठेवावा असं माझं मत, घरात एकमत नाही.

माझी नणंद अमेरिकेत असते. तिच्याकडे सगळं सिंकखाली. सांडपाण्याच्या पाइपला भोक पाडून वर क्लॅम्प आवळलेला, नळी त्यात गेलेली, कपाटाचं दार बंद. किती पाणी जातं, विचारलं तर म्हणाली, "कधी पाहिलंच नाही गं." आमच्याकडे ते पाहायला मावशी आहेत. लादी पुसायला त्यांना ड्रमचंच पाणी लागतं, आणि ड्रम रिकामा दिसला की पहिला प्रश्न येतो, "ताई, काल पाणी प्यालात का नाही कुणी?" उलट एकदा टाकी भरून पंप बंद झाला तरी ड्रममध्ये टिपटिप चालूच होती. तेही त्यांनीच पकडलं. मेकॅनिकला फोन लावला तर तो म्हणाला, "एसव्ही गेला, म्हणजे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. उद्या येतो." तो आला चौथ्या दिवशी. तोवर मावशींनी आमच्या मजल्याचा जिनासुद्धा धुऊन काढला होता.