टर्मिनलशिवाय चालणारा सर्व्हर

पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा वेब सर्व्हर मी लिनक्स डेस्कटॉपवर चालवायचे. घरातल्या मोबाइलवरून नोंदी टाकता याव्यात, एवढंच त्याचं काम. टर्मिनल उघडायचं, कमांड द्यायची आणि ती खिडकी दिवसभर जपायची. चुकून बंद केली की सर्व्हरही गेला. नोहप (खिडकी बंद झाली तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारी कमांड) लावून खिडकीपासून सुटका झाली, पण मशीन रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी सिस्टमडीची, म्हणजे लिनक्समध्ये पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या व्यवस्थेची, सर्व्हिस करायची ठरवली.

युनिट फाइल, म्हणजे प्रोग्रॅम कसा चालवायचा ते सिस्टमडीला सांगणारी फाइल, जेमतेम सात-आठ ओळींची. ती जागेवर ठेवली, डीमन-रीलोड करून सिस्टमडीला ती वाचायला लावली, स्टार्ट दिलं. फेल. स्टेटसमध्ये २०३ हा आकडा, म्हणजे सिस्टमडीला प्रोग्रॅम सुरूच करता आला नव्हता. पायथनच्या पाथमध्ये एका फोल्डरचं स्पेलिंग चुकलं होतं. ते दुरुस्त केल्यावर हिरवा ठिपका आला. ब्राउझर उघडला, साइटही उघडली.

पण आत एकही नोंद नव्हती.

पोटात गोळाच आला. धावतपळत डेटाबेसची फाइल तपासली, तर ती जशीच्या तशी, सगळ्या नोंदींसकट. मग हे रिकामं पान येतंय कुठून? कोडमध्ये मी डेटाबेसचं नुसतं नाव दिलं होतं, पूर्ण पाथ नाही. टर्मिनलमध्ये मी आधी त्या फोल्डरात जाऊन मगच कमांड द्यायचे, म्हणून फाइल सापडायची. सिस्टम सर्व्हिसला वेगळं काही सांगितलं नाही तर ती रूट डिरेक्टरीतून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरातून, सुरू होते. तिथे ही फाइल नव्हती, आणि एसक्यूलाइट (माझा डेटाबेस) अशा वेळी तक्रार न करता नवी फाइल बनवतं. त्यात मी युझरही दिला नव्हता, म्हणून सर्व्हिस रूट या सर्वाधिकारी युझरच्या अधिकारात चालली आणि तिथे लिहायला तिला कोणी अडवलं नाही. रूट डिरेक्टरीत पाहिलं तर त्याच नावाची इवलीशी फाइल ऐटीत बसलेली! वर्किंग डिरेक्टरी आणि युझर अशा दोन ओळी वाढवल्या, नोंदी परत दिसल्या. ती उपरी फाइल मी तेव्हाच उडवली.

लॉगमध्ये माझे प्रिंटचे संदेश येत नव्हते. समोर टर्मिनल नसलं की पायथन आउटपुट साठवून ठेवतो. अनबफर्डचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केल्यावर ते लगेच दिसू लागले.

मग रीस्टार्टसाठी ऑन-फेल्युअर (बिघडून बंद पडली तरच पुन्हा सुरू कर) लावून प्रोसेस मुद्दाम मारली. साध्या किलने गेली ती गेलीच. मी पुन्हा मॅन्युअल उघडलं, तर साध्या किलचा सिग्नल हा रीतसर निरोप धरला जातो, फेल्युअर नाही. सुरू करून किल -९, म्हणजे जबरदस्तीचं किल, दिलं, तेव्हा नव्या पीआयडीसह (प्रोसेस क्रमांकासह) लगेच उभी राहिली. एनेबल करायला मात्र विसरले होते, ते पुढच्या बूटनंतर कळलं. स्टार्ट आजच्यापुरतं, बूटसाठी एनेबल वेगळं.

एवढं होऊनही रात्री मोबाइलवर साइट उघडेना. लॉग स्वच्छ, एरर नाही, फक्त मधल्या काही तासांत एकही ओळ नाही. सर्व्हिस बिचारी ठीकच होती, अख्खा डेस्कटॉपच सस्पेंडमध्ये गेला होता. स्लीप टार्गेट मास्क केलं, म्हणजे मशीनचं झोपणंच बंद केलं. आता रात्री फक्त मॉनिटर झोपतो.