पिठाच्या डब्यातली पाकिटं

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. एप्रिलमध्ये आमची ओपीडी फुगते. साखर कारखाने बंद होऊन ऊसतोडीला गेलेले कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, गावी परतलेले असतात, आणि सहा महिने अंगावर काढलेली दुखणी बायका एकदमच घेऊन येतात.

अशाच दोन सख्ख्या जावा आल्या. एक चोविसातली, दुसरी एकविसातली. तक्रार एकच, अंगावरून जातंय, वास येतोय. थोरली म्हणाली, "मुकादमाची बायको म्हणली, पिशवीच काढून टाक, कटकट मिटंल." आमच्याकडं हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. २०१९ साली शासनाच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी आधीच काढलेली निघाली होती.

डॉक्टर मॅडमनी तपासलं. पिशवीच्या तोंडाशी संसर्ग होता, पिशवी काढण्याजोगं काही नव्हतं. दोघींना ग्रे किट दिलं, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, माझ्यासमोरच गिळायला लावलं. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त घेतलं. खरी मेख पुढंच असते. नवऱ्यानंही तेच किट घ्यायचं, सात दिवस जवळ यायचं नाही, आणि पुढं निरोध. नाहीतर बरी झालेली बाई पुन्हा होती तिथंच.

थोरलीचं तोंड फटाफट चालायचं. लाकडी मॉडेलवर निरोध तिनं पहिल्याच फटक्यात बरोबर चढवला, वर मलाच म्हणाली, "ताई, तुम्ही टोक दाबायचं इसरलात." धाकटी पदराचं टोक पिळत बसलेली. काहीही विचारलं की "हं". मी वहीत थोरलीपुढं बरोबरची खूण केली, धाकटीपुढं प्रश्नचिन्ह. अकरा वर्षं हेच काम करतेय, माणूस ओळखता येतं असा माझा समज होता.

पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, धाकटी नवऱ्याला घेऊन दारात उभी. तो औषध घ्यायला गेला तेव्हा मी विचारलं, कसं आणलंस गं?

"काय नाय ताई. म्हणलं, औंदा बी मी पडले तर खाडा बसंल, उचल फिटायची नाय. आला मुकाट."

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकीनं दांडी मारली तरी खाड्याचे पैसे दोघांच्या हिशोबातून कापतात, आणि मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फिटत नाही. माझ्या फ्लिपचार्टमध्ये हे पान नाही.

थोरली तिच्यामागंच होती. तिला परत अंगावरून जात होतं. मी विचारलं, निरोधची पाकिटं?

"पिठाच्या डब्यात हायेत. मला समदं येतंय ताई, पण त्यांच्यापुढं काढू कशी? नुसता इषय काढला तर म्हणले, हे तुला कुणी शिकीवलं?"

"हात उचलतात?"

"पिल्यावर." एवढं बोलून ती हसली. मला ते हसू बघवेना. वहीतली ती खूण मात्र डोळ्यापुढून हलत नव्हती.

मग तिनं विचारलं, त्यांना न कळता घेता येईल असं काही आहे का. मी अंतरा इंजेक्शनचं सांगितलं, दर तीन महिन्यांनी एक. घरात काही लपवून ठेवावं लागत नाही. पण त्यानं दिवस राहायचे थांबतात, रोग लागायचा थांबत नाही.

"मंग रोग बी थांबंल आन् दिसणार बी नाय, असं?"

माझ्या कपाटात तसं काही नव्हतं. निरोध होते, गोळ्या होत्या, पोस्टर होती.

तेवढ्यात धाकटी बोलली, न विचारता, त्या दिवसात पहिल्यांदाच. "बाई, आमचे ह्ये सांगतील त्यांला. मी बी गोळ्या खाल्ल्या म्हणतील. भावाचं ऐकतील."

मी थोरलीकडं बघितलं. गोष्ट तिची होती, दिराच्या कानावर घालायची की नाही तिनंच ठरवायचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग नवऱ्यासाठी दिलेली चिठ्ठी तिनं दोनदा घडी घातली आणि जावेच्या हातात ठेवली.