शवपेटीसाठी कर्ज काढताना

बाबा गेले मे महिन्यात, सकाळी अकराला. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. मोठा भाऊ सुरतेला कामाला, त्याला रात्रीचीच गाडी मिळणार होती. आणलेल्या बर्फाच्या लाद्या खान्देशातल्या उन्हात बघता बघता विरघळल्या. जळगावला फोन केला, तर मृतदेह थंड ठेवणारी शीतशवपेटी दुसऱ्या घरी गेलेली. शेवटी जाणत्यांनी ठरवलं आणि दिवस बुडायच्या आत बाबांना तापीकाठी नेलं. दादा पहाटे पोहोचला तेव्हा राख अजून गरम होती. "बापनं तोंड दखाले बी नही भेटनं त्याले," आई आजही म्हणते.

गंधमुक्ती, म्हणजे सुतक संपल्याचा विधी, झाल्यावर मी ठरवलं, गावोगावी अशी पेटी पुरवायचं काम आपणच करायचं. दोन शवपेट्या, वीज गेली तर जनरेटर, सांत्वनाला दारावर येणाऱ्यांसाठी मंडप-सतरंज्या, तिरडीचं साहित्य ठेवायला पत्र्याचं शेड. खर्च सहा लाख. गाडी त्यात धरली नाही, मामांची पिकअप होती.

जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती मिळाली. सेवा उद्योगाला वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. मी ओबीसी आणि गाव ग्रामीण, म्हणून स्वतःचे पाच टक्के, म्हणजे तीस हजार, आणि अनुदान पस्तीस टक्के, दोन लाख दहा हजार. अर्ज ऑनलाइन भरला. आधार, जातीचा दाखला, आठवी पासचा पुरावा, ग्रामपंचायतीचा ग्रामीण भागाचा दाखला, हे आठवड्यात जमलं.

अडलो प्रकल्प अहवालात. 'बाजारातील मागणी' या रकान्यापाशी दोन रात्री बसलो. लोक मरतील म्हणून धंदा चालेल, असं लिहायला हात धजेना. मग आजूबाजूच्या गावांत फिरलो आणि घरोघरी विचारलं, तुमची मुलं कुठे असतात? सुरत, पुणे, नाशिक, वापी. त्या घरांची यादी केली आणि लिहिलं, या घरांना मुलगा येईपर्यंत थांबावं लागतं. माझ्या धंद्याला मागणी खरंच तेवढीच होती.

पहिल्या बँकेने अर्ज परत केला. तिथे ओळखीचे एक काका भेटले, म्हणाले, "मरननं धंदाले कोन कर्ज देई, भो?" मला ते लागलं. दुसऱ्या बँकेत साहेबांनी यादी नीट वाचली, पण जीएसटी नंबर मागितला आणि तारणाला सातबारा. सीएंनी कायदा काढून दाखवला: अंत्यविधीची सेवा, मृतदेहाची वाहतूकसुद्धा, जीएसटीच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, त्यावर करच नाही. साहित्याची विक्री त्यात येत नाही, पण माझी ती थोडी. आणि दहा लाखांच्या आतल्या अशा कर्जाला तारण मागायचं नसतं. हे कागद सोबत नसते तर मी सातबारा देऊन मोकळा झालो असतो. अशा कर्जाला जाणाऱ्याने तारणाचा नियम छापूनच न्यावा.

पुढे दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं, मग पैसे सुटले. अनुदान हातात येत नाही, हे गावात कुणाला पटत नाही. ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. तेवढ्या रकमेवर ठेवीचं व्याज मिळत नाही आणि कर्जाचंही लागत नाही. पाहणी झाल्यावर ते कर्जात वळतं होतं.

हप्त्याची तारीख साहेबांनी पाच सुचवली होती. मी वीस मागून घेतली. दुःखाच्या घरात पहिल्या दिवशी पैशाचं बोलायचं नाही, हे आईने आधीच बजावलं होतं, आणि लोक गंधमुक्ती उरकल्यावर आपणहून आणून देतात. पहिली पेटी शेजारच्या गावात गेली तेव्हा मी रात्रभर जनरेटरपाशी बसलो. सकाळी त्यांचा मुलगा सुरतेहून उतरला.