पातळ पत्र्याचे बीम आणि सॉफ्टवेअरचे लायसन्स : माझा अनुभव

पुण्यात एम.टेक. करताना मोटारीच्या पुढच्या भागातील पातळ पत्र्याचे बीम धडकेत कसे चुरगळतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. समोरून होणाऱ्या धडकेतील ऊर्जेचा मोठा वाटा हे बीम घड्या पडत शोषून घेतात. त्यामुळे घडी कोठे पडते आणि त्यासाठी किती बल लागते, याच्याशी आतल्या माणसांचा जीव जोडलेला असतो. संगणकावर अशी धडक घडवून पाहणारे व्यावसायिक सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला स्वतः विकत घेणे शक्य नसते, त्याचे लायसन्स (वापरण्याचा परवाना) विद्यापीठामार्फतच मिळवावे लागते.

लायसन्ससाठी अर्ज करण्यापूर्वी मी हाताने हिशेब केला. 60 मिमी बाजूची, 1.5 मिमी जाडीची चौकोनी नळी आणि 250 मेगापास्कल ताकदीचे पोलाद घेतले, तर वियेर्झबित्स्की आणि अब्रामोविच या संशोधकांच्या पातळ नळ्यांच्या चुरगळण्याविषयीच्या सिद्धांतावर आधारलेल्या सूत्रांवरून सरासरी बल सुमारे 25 किलोन्यूटन आणि एका घडीची लांबी सुमारे 35 मिमी येते. लायसन्सच्या दृष्टीने हा दुसरा आकडा मोलाचा ठरला. अशा सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून जाळी बनवतात आणि ते तुकडे ज्या बिंदूंवर जोडले जातात त्यांना नोड म्हणतात. अबॅकस या सॉफ्टवेअरच्या मोफत विद्यार्थी आवृत्तीला 1000 नोडची मर्यादा होती. 300 मिमी लांबीच्या नळीवर एवढेच नोड पसरले, तर एकेक एलिमेंट साडेआठ मिमीच्या आसपास जातो, म्हणजे अख्ख्या घडीला जेमतेम चार एलिमेंट मिळतात; अशी घडी नीट वळत नाही आणि बल फुगून दिसते. 3 मिमीच्या जाळीला 8000 हून अधिक नोड लागतात. हा हिशेब अर्जाला जोडल्यावर विद्यार्थी आवृत्ती का चालत नाही, हे विभागप्रमुखांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मार्गदर्शकांची सही, विभागाचे लेटरहेड, सर्व्हरचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) असे सोपस्कार यथावकाश झाले. तोवर मी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विकसित झालेले, मोफत मिळणारे सीयूएफएसएम हे सॉफ्टवेअर वापरून कंपनीच्या बीमच्या टोपीच्या आकाराच्या छेदात स्थानिक बकलिंग (पत्र्याचे सपाट भाग जागच्या जागी लाटांसारखे वाकणे) आधी येते की विकृतीचे (छेदाचा आकारच बदलणे), हे तपासत होतो. ते धडकेचे विश्लेषण करत नाही, पण पत्र्याची जाडी ठरवताना त्याचा फार आधार मिळाला.

खरी अडचण लायसन्सच्या अटींत होती. शैक्षणिक लायसन्स अध्यापन आणि संशोधनापुरतेच होते, आणि माझ्या बीमचे ड्रॉइंग मात्र इंटर्नशिपच्या कंपनीने दिलेले होते. मी सरांना विचारले, “सर, हे ड्रॉइंग कॉलेजच्या लायसन्सवर चालवले तर चालेल का?” ते म्हणाले, “कंपनी निकाल वापरणार असेल, तर नाही. आधी त्यांच्याकडून लेखी घे.” कंपनीने निकाल उत्पादनासाठी वापरणार असल्याचे स्पष्ट कळवले, तेव्हा आम्ही काम दोन भागांत विभागले. प्रमाणित चौकोनी नळीचा अभ्यास कॉलेजच्या लायसन्सवर राहिला. कंपनीचा टोपीच्या आकाराचा छेद मी ओपनरॅडिऑस या धडकेचे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर (सॉल्व्हरवर) घेतला. 2022 मध्ये मुक्तस्रोत झालेल्या या सॉल्व्हरवर व्यावसायिक वापराची बंदी नाही. तो एलएस-डायना या धडकेच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीची इनपुट फाइलही वाचतो, म्हणून मॉडेल मुळापासून उभे करावे लागले नाही. मात्र स्पॉट वेल्ड (टोपी आणि तिच्यावरची सपाट झाकणपट्टी ठिकठिकाणी जोडणारे ठिपके) आणि पत्रे एकमेकांना टेकतात तेथील संपर्काच्या व्याख्या मी एकेक करून पडताळल्या, कारण वेल्ड चुकीच्या जागी सुटला की टोपी आणि झाकणपट्टी वेगवेगळ्या वळतात आणि पुढची सगळी घडी बदलते.

प्रबंधातील प्रत्येक आलेखाखाली तो कोणत्या सॉफ्टवेअरवर आणि कोणत्या लायसन्सवर काढला आहे, याची नोंद ठेवली आहे.