केशरी टोपण

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या किडनी प्रत्यारोपण विभागात मी डायबेटीस एज्युकेटर म्हणून काम करते. ज्यांना ऑपरेशनआधी कधीही मधुमेह नव्हता अशा माणसांना साखर मोजायला आणि इन्सुलिन घ्यायला शिकवणे हा या कामाचा मोठा भाग आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून जी औषधे दिली जातात, त्यांतल्या टॅक्रोलिमसमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते आणि प्रेडनिसोलोनमुळे असलेल्या इन्सुलिनचा असर उणावतो. औषधे बंद करता येत नाहीत, म्हणून साखर सांभाळावी लागते.

इंदापूर तालुक्यातल्या एका ऊस शेतकऱ्याला त्याच्या बायकोने किडनी दिली होती. दादांचे वय ४६. ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात त्यांची साखर वाढू लागली आणि डॉक्टरांनी सकाळी २० युनिट इन्सुलिन सुरू केले. रुग्णालयाजवळच्या भाड्याच्या खोलीत दोघे राहत होते तोवर सारे सुरळीत होते. पुढे ते गावी गेले, आणि पहिल्याच तपासणीला दुपारची साखर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी मात्रा ३० युनिट केली. त्या दिवशी फाइलमध्ये मी स्वतःच्या हाताने लिहिले होते : ‘पथ्य पाळले जात नसावे.’

दहा दिवसांनी, पावसाळ्यातल्या एका मंगळवारी, ते पुन्हा आले तेव्हा साखर तर उतरली नव्हतीच, शिवाय वजन दोन किलोंनी घटले होते आणि रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम मंदावले की वाढणारा आकडा, १.२ वरून १.५ झाले होते. प्रत्यारोपण विभागात हा आकडा पाहिला की सगळ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो किडनी नाकारली जात असल्याचा. टॅक्रोलिमसची पातळी योग्य होती. साखर लघवीवाटे जाताना पाणीही ओढून नेते आणि शरीर सुकले की क्रिएटिनिन चढते, ही शक्यता होती. पण बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करावी का, यावर डॉक्टरांची चर्चा सुरू झाली होती. तोवर दोघांशी बोलून घे, असे मला सांगण्यात आले.

वहिनी माझ्यासमोर बसल्या त्या संतापाने. “मॅडम, गुळाची ढेप मी कपाटात कुलूप लावून ठेवली, साखरेचा डबासुद्धा. भाकरी मोजून वाढते. तरी ह्यांची साखर काय हवेतनं वाढती का?” दादा खाली बघत एवढेच म्हणाले, “शपथ घेऊन सांगतो, गोड तोंडात घातलं न्हाई.” ज्या बाईने पोटावर टाके घेऊन किडनी दिली, तिला आपला नवरा ती किडनी चोरून खाल्लेल्या गुळापायी घालवतो आहे असे वाटत होते, आणि त्या समजुतीला माझ्या फाइलमधल्या ओळीचा आधार होता.

मी वही मागितली. सकाळी उपाशीपोटी १२८, १३४, १२६. दुपारी चारच्या सुमारास ३१२, ३४०, ३२५. चोरून खाणाऱ्याची वही सहसा अशी नसते, तिच्यात चढउतार असतात. सकाळी प्रेडनिसोलोन घेतले की दुपारपासून संध्याकाळपर्यंत साखर चढते आणि रात्रीतून उतरते. म्हणून या रुग्णांना आम्ही दुपारी चारला मोजायला सांगतो, कारण केवळ उपाशीपोटीच्या तपासणीत हा मधुमेह कित्येकदा निसटतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही प्रत्यारोपणानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत फसवी असते, कारण त्या काळात रक्तपेशींचेच गणित बदललेले असते. दादांची वही स्वच्छ सांगत होती की गोळीचा परिणाम जसाच्या तसा दिसतो आहे आणि त्याला अडवायला दिलेले सकाळचे इन्सुलिन पुरेसे पडत नाही.

गावात कोणी तरी त्यांना ‘त्या बारीक गोळीनंच साखर वाढती’ असे सांगितलेले होते. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण ती गोळी म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि साखरेच्या भीतीने ते परस्पर सोडणारा माणूस किडनी गमावू शकतो. पाकिटातल्या गोळ्या मी मोजल्या. एकही जास्त उरलेली नव्हती.

तेव्हा मी म्हटले, “दादा, रोज घेता तसंच इन्सुलिन भरून दाखवा.” हे मी आधीच करायला हवे होते. मागच्या वेळी मी ‘नीट घेता ना?’ असे विचारले होते आणि त्यांनी मान हलवली होती. त्या प्रश्नाला दुसरे उत्तर मिळतच नाही.

त्यांनी हात धुतले, गढूळ इन्सुलिनची बाटली दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवली, बूच स्पिरिटने पुसले, मात्रेइतकी हवा आत सोडली, बाटली उलटी धरून इन्सुलिन ओढले, बुडबुडा टिचकी मारून वर घालवला आणि सिरिंज बरोबर ३० च्या रेघेवर थांबवून माझ्यापुढे धरली. शिकवलेले सगळे त्यांनी जसेच्या तसे केले होते. मीही बुडबुडे आणि रेघ एवढेच बघत होते. माझे लक्ष आधी गेले ते बाटलीकडे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायला मी वहिनींना शिकवले होते आणि ती त्यांनी लिहिली होती : २४ दिवसांपूर्वीची. दहा मिलिलिटरच्या त्या बाटलीत ४०० युनिट असतात. चौदा दिवस वीस आणि दहा दिवस तीस घेतले असते तर ती केव्हाच संपायला हवी होती, आणि ती जवळजवळ निम्मी शिल्लक होती.

मग मी टेबलावर काढून ठेवलेले टोपण पाहिले. ते केशरी होते.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. केशरी टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरला १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते. तिच्यातून ४० च्या बाटलीतले इन्सुलिन ३० च्या रेघेपर्यंत ओढले, तर शरीरात १२ युनिट जातात. वीसच्या रेघेला जात होते फक्त ८. पुण्याहून नेलेल्या सिरिंजा संपल्यावर त्यांनी गावातल्या मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज मागितली, आणि हाताशी होती ती त्यांना मिळाली. आमच्या डिस्चार्ज कार्डावर इन्सुलिनचे नाव, वेळ आणि युनिट होते. सिरिंजच्या टोपणाचा रंग कुठेही लिहिलेला नव्हता. मीही तो वेगळा सांगितला नव्हता, कारण आमच्या वॉर्डात दुसरी सिरिंज नसतेच.

चूक सापडल्यानंतरचा अर्धा तास मला जास्त धोक्याचा वाटला. डॉक्टर त्या सकाळी मात्रा ३६ करण्याच्या विचारात होते. कार्डावर ३६ लिहून हातात लाल टोपणाची सिरिंज दिली असती, तर १२ युनिटवर असलेल्या माणसाला एकदम तिप्पट इन्सुलिन मिळाले असते. मी धावत जाऊन डॉक्टरांना बाटली आणि सिरिंज दाखवली. त्यांनी खऱ्या १८ युनिटपासून सुरुवात करायला सांगितले, पाणी वाढवले आणि दोन दिवस क्रिएटिनिन पाहून मगच बायोप्सीचे ठरवू म्हणाले.

साखर उतरण्याची लक्षणे मी दोघांनाही पुन्हा सांगितली : घाम, थरथर, अचानक लागणारी भूक, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. वहिनी दचकल्या. “साखर? ती तर कुलपात हाय.” किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि दिवसभर त्या रानात असत. ती त्यांनी काढून दादांच्या हातात दिली. फाइल उघडून मी माझी आधीची ओळ खोडली, शेजारी खरे कारण लिहिले आणि ते दोघांना वाचून दाखवले. दादा काही बोलले नाहीत. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

त्या आठवड्यात मी रोज साडेचारला फोन करत होते. शुक्रवारी दुपारची साखर १७६ होती. क्रिएटिनिन १.३ वर आले आणि बायोप्सी करावी लागली नाही. आमच्या कार्डावर आता इन्सुलिनच्या नावापुढे ‘४० ची बाटली, लाल टोपण’ असे छापलेले असते, आणि प्रत्येक भेटीत रुग्णाकडून सिरिंज भरून घेतल्याशिवाय मात्रा बदलली जात नाही.

पुढच्या भेटीला मी वहिनींचीही फाइल मागवली. किडनी दिल्यानंतर त्यांची स्वतःची रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिनची तपासणी राहूनच गेली होती. “मला काय झालंय?” असे म्हणत त्या मागे सरकल्या. दादांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, “बस. आता तुझं बघू.”